आधी माग, मग देव, मग शाळा

सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 मध्ये सुरू झालं. तिथे संगणक, इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र, स्थापत्य असे सगळे विषय शिकवतात. पण ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव उच्चारताना नवख्या माणसाला थोडा दम लागतो: श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा. ऐल्लक म्हणजे दिगंबर जैन परंपरेत मुनिपदाच्या एक पायरी अलीकडे उभा असलेला, लंगोटीपलीकडे अंगावर काही न ठेवणारा त्यागी. वस्त्राचाही मोह सोडत आलेल्या माणसाच्या नावाची पाठशाळा, तिचं अभियांत्रिकी महाविद्यालय, त्याला सोलापुरातच जन्मलेल्या उद्योगपती वालचंद हिराचंदांच्या घराण्याचं नाव, आणि हे सगळं चादरी-टॉवेल विणणाऱ्या गावात. बाहेरच्याला हे जरा विचित्र वाटेल. सोलापूरकराला वाटत नाही. तो त्या फाटकावरून रोज जातो आणि पाटी वाचायलाही थांबत नाही.

कारण या शहरात हे असंच होत आलंय. माणूस पोटासाठी आला आणि त्याने सूत हातात धरलं. काम लागल्यावर त्याने आपला देव मांडला. देवाच्या मंडपात चार माणसं जमली, त्यांनी वर्गणी काढली आणि शाळा बांधली. आधी माग, मग देव, मग शाळा. तपशील बदलतात, कुठे मागाच्या जागी दुकान असतं, कुठे देवाच्या जागी समाजसुधारणा, पण हा क्रम सोलापूरच्या बहुतेक समाजांत सापडतो. धर्माचा इतिहास लिहिणारे मंदिरापाशी थांबतात, उद्योगाचा लिहिणारे चिमणीपाशी, शिक्षणाचा लिहिणारे संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेपाशी. इथे राहणाऱ्याला मात्र तिन्ही एकाच दिवसात लागतात. मी या गावात वाढलो आणि पुढे इथल्याच एका महाविद्यालयात शिकवलं, त्यामुळे मला या तिघांना वेगवेगळं काढून पाहता येत नाही.

रेल्वे सोलापूरला पोचली 1860 मध्ये. कापसाचा व्यापार होताच, हातमागही पेशवाईपासूनचे. मग 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्यावर हिला ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले आणि तेच नाव टिकलं. ते साल नीट पाहण्यासारखं आहे. 1876 ते 1878 हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. शेतात काही उरलं नव्हतं, त्याच सुमाराला गावात चिमणी उभी राहिली. गिरणीला माणसं शोधत हिंडावं लागलं नसणार. भुकेनेच ती दाराशी आणून सोडली होती.

बाकीच्या गिरण्यांची नावं घेतली तर एखाद्या आरतीची सुरुवात वाटावी. विष्णू मिल, लक्ष्मी मिल, नंतर दोघांची मिळून लक्ष्मी-विष्णू. पण मला त्यांच्याहून नरसिंग गिरजी मिलचं कुतूहल जास्त. राजा नरसिंगगिरजी हे हैदराबादच्या गोसावी सावकारांपैकी. दशनामी गोसाव्यांमध्ये मठ आणि पेढी ही जोडी जुनी आहे. संसार न केलेल्या माणसांच्या परंपरेत पैसा गुरूकडून शिष्याकडे जातो. भावाभावांत वाटण्या होत नाहीत, लेकीच्या लग्नात हात सैल सोडावा लागत नाही, आणि भांडवल पिढ्यान्‌पिढ्या साठत राहतं. अशा परंपरेतल्या सावकाराने सोलापुरात कापडगिरणी काढली. वैराग्याच्या शिस्तीतून उद्योगाला पैसा मिळाल्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. त्या गिरणीत पाळीला जाणाऱ्या कामगाराला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी ती ‘एनजी मिल’ होती.

गिरणीइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त काळ, या गावाला पद्मशाली विणकरांनी जगवलं. ते निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून आले. काही चालत आले, काही बैलगाडीने, नंतरचे रेल्वेने. गावाच्या पूर्वेला त्यांची वस्ती वाढली आणि तिचं नाव ‘पूर्व भाग’ असंच राहिलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कानडी आणि दखनी, अशा चार भाषांत इथलं पोर मोठं होतं आणि त्यात आपण काही विशेष करतोय असं त्याला वाटत नाही. आधी घरातला हातमाग, मग यंत्रमाग, मग जॅकार्ड बसवलेला माग. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्यांची साखळी मागावर चढवायची, म्हणजे कुठला उभा धागा कधी उचलायचा ते माग आपोआप करतो आणि चादरीवर मोर उमटतो. त्या चादरीला आणि टेरी टॉवेलला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातून ते मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंत त्यांची गणना होते.

या विणकरांनी येताना मार्कंडेय महामुनी आणले. त्यांची कथा सांगते की देवांना नेसायला वस्त्र हवं होतं. मार्कंडेयांनी यज्ञ केला, त्यातून भावनाऋषी प्रकटले, आणि त्यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंचं कापड विणून देवांना दिलं. कथेचा भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून तिचं म्हणणं ऐकलं तर ते फार धीट आहे. देव सर्वसमर्थ असतील, पण नेसायला त्यांनाही विणकर लागतो. श्रम हे पापाचं फळ आहे, किंवा मोक्षाच्या वाटेतला अडसर आहे, असं ही कथा मानत नाही. सृष्टीत एक उणीव होती आणि ती विणकराने भरून काढली, असं ती सांगते. नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून मार्कंडेयांचा रथ निघतो. जानवी बदलली जातात, मागांचा खडखडाट जवळजवळ थांबतो, आणि एरवी बारा-बारा तास मागापुढे उभी असलेली माणसं त्या दिवशी रथापुढे चालतात. मिरवणूक पाहताना मला नेहमी वाटतं की ही माणसं आपल्या कुलदेवतेबरोबर आपल्या धंद्याच्याही सन्मानासाठी चाललीत.

मग शाळा. पद्मशाली शिक्षण संस्थेची कुचन प्रशाला, बुर्ला महिला महाविद्यालय. लिंगायत समाजातल्या धुरीणांनी 1953 मध्ये काढलेलं संगमेश्वर महाविद्यालय. मुस्लिम समाजाच्या सोलापूर सोशल असोसिएशनचं महाविद्यालय, ज्याला सगळं गाव नुसतं ‘सोशल’ म्हणतं. आणि दयानंद महाविद्यालय, ज्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सोलापूर निजामाच्या सरहद्दीला लागून होतं. 1938 च्या डिसेंबरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली इथे आर्य परिषद भरली आणि हैदराबाद संस्थानातल्या धार्मिक निर्बंधांविरुद्धच्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाचं केंद्र हे गाव झालं. देशभरातून सत्याग्रही सोलापूरला उतरत आणि सरहद्द ओलांडून तुरुंगात जात. सत्याग्रह संपला, आणि 1940 मध्ये त्याच आर्य समाजी वळणाचं महाविद्यालय सोलापुरात उभं राहिलं. पुढे त्याला दमाणी या व्यापारी घराण्याचं नावही जोडलं गेलं. पंजाबातून आलेला धर्मविचार, मारवाडी व्यापाऱ्याचा पैसा, आणि बाकांवर विणकरांची, शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची मुलं.

या सगळ्यात मला सर्वांत लोभसवाणी वाटते ती जीवराज जैन ग्रंथमाला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरच्या सधन घरातले. त्यांनी व्रत घेतलं आणि आपली संपत्ती जैन संस्कृती संरक्षक संघाला दिली, कशासाठी, तर प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढण्यासाठी. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे दोन पट्टीचे विद्वान संपादक लाभले. 1943 मध्ये पहिला ग्रंथ निघाला, ‘तिलोयपण्णत्ती’. 1949 मध्ये कृष्णकांत हंदिकी या आसामी पंडिताचा ‘यशस्तिलक’वरचा इंग्रजी प्रबंध. 1963 मध्ये हिंदी अनुवादासह ‘गणितसारसंग्रह’, म्हणजे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांचं गणित. जगभरच्या विद्यापीठांतल्या भारतविद्येच्या कपाटांत ‘शोलापूर’ हे प्रकाशनस्थळ असलेली पुस्तकं आजही उभी आहेत. ज्या काळात या गावाचं नाव बाहेर फक्त सुताच्या भावासाठी घेतलं जाई, त्या काळात कोणी तरी इथे बसून त्रिलोकाचा नकाशा आणि नवव्या शतकातली अंकगणितं छापून घेत होता.

‘गणितसारसंग्रहा’त खोदकामाच्या हिशेबाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. खड्ड्याची लांबी-रुंदी वर एक आणि तळाशी दुसरी असेल तर माती किती निघेल, विटांचा ढीग किती होईल, असली उदाहरणं. ते पुस्तक याच गावातून निघावं हा योगायोग मला फार आवडतो, कारण सोलापूरची ओळखच मुळी एका खोदकामापासून सुरू होते.

बाराव्या शतकात या गावाला सोन्नलिगे म्हणत. तिथे सिद्धरामांनी तलाव खोदवला, शिवालयं उभारली, अडुसष्ट लिंगं स्थापन केली. कानडी शरणपरंपरेतल्या ग्रंथांत त्यांच्याविषयी एक प्रसंग आहे. तलावाचं काम चाललं असताना अल्लमप्रभू तिथे येतात आणि मजुरांना विचारतात, तो खोदकाम्या कुठाय? आपल्या गुरूला असं हिणवलेलं ऐकून मजूर चिडतात आणि अल्लमप्रभूंवर दगड घेऊन धावतात. पुढे अल्लम आणि सिद्धराम यांची भेट होते, वाद होतो. अल्लमांचं म्हणणं असं की तलाव आणि देवळं बांधून माणसाला आतलं काही कळत नाही. सिद्धराम ते ऐकतात, अल्लमांबरोबर कल्याणला जातात, बसवण्णांना भेटतात, इष्टलिंगाची दीक्षा घेतात.

कथा इथे ज्ञानाच्या बाजूने झुकते. गावाने मात्र आपला कौल वेगळा दिला. सोलापूर सिद्धरामांना आठवतं ते तलाव खोदणारे म्हणून. त्यांचं मंदिर पाण्याच्या मधोमध आहे आणि तिथपर्यंत जायला पाण्यावरून वाट आहे. दगड उचलणाऱ्या त्या मजुरांचं मला कौतुक वाटतं. त्यांनी वाद घातला नाही, आपल्या कामाचा अपमान झालेला त्यांना कळला. धर्म, ज्ञान आणि श्रम यांची पहिली चकमक या मातीत साडेआठशे वर्षांपूर्वीच होऊन गेली, तेव्हा चिमणी आणि विद्यापीठ यांचा पत्ताही नव्हता.

संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा भरते. तिला इथे गड्डा यात्रा म्हणतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. सिद्धरामांशी लग्न करायचं मनात धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी आख्यायिका. तो विवाह दरवर्षी लागतो. सात उंच नंदीध्वज, कमरेच्या पट्ट्यात तोल सांभाळत ते पेलणारी माणसं, त्यांच्या अंगात पांढऱ्या बाराबंद्या. काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, मातंग समाजाकडेही. आधी कित्येक रात्री गल्ल्यांतून काठ्यांचा सराव चालतो, दिवसभर कारखान्यात किंवा हमालीत असलेली पोरं रात्री खांद्याला खांदा लावून तोल शिकतात. तेलुगू, मराठी, कानडी, सगळे भोवती असतात. आपापले देव आणि आपापल्या शाळा घेऊन राहणारं हे गाव वर्षातून एकदा एका देवापाशी येतं, आणि तो देव कुणाही एकाने येताना बरोबर आणलेला नाही. तो आधीपासून इथला होता. मागून आलेल्यांनी त्याच्या तेलात आपला थेंब घातला.

याच दिवसांना लागून एक तारीख येते, 12 जानेवारी. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही, आणि मग मार्शल लॉ पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं ओळीने वाचली तरी गावाची घडण कळते. चौघांच्या घरचे देव वेगळे, मरण एका तारखेचं. आज चौकात त्यांचे पुतळे एकत्र उभे आहेत. गिरणीने माणसांना एका भोंग्यावर उठायला शिकवलं होतं. त्या मे महिन्यात ती माणसं भोंग्याशिवाय एकत्र आली.

पण या गावाला कुंपणही होतं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिला आजही सेटलमेंट म्हणतात. तिथली माणसं गिरणीत कामाला जात आणि परत कुंपणात येऊन हजेरी देत. गिरणीला त्यांचे हात हवे होते, गावाला त्यांचा शेजार नको होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. आधी माग, मग देव, मग शाळा, या क्रमाबद्दल मला अभिमान वाटू लागतो तेव्हा मी सेटलमेंट आठवतो. त्या लोकांना मागापर्यंत येऊ दिलं, पुढच्या दोन पायऱ्या मात्र कुंपणाच्या आत जेवढ्या मिळतील तेवढ्याच. वर्गणी काढायला चार मोकळी माणसं लागतात, आणि हवं तेव्हा उठून जाता येईल अशी जागा लागते.

शाळा-महाविद्यालयं सोलापुरात आली तशी बाहेरची विद्वत्ताही सोलापूरकडे पाहू लागली. पुण्याच्या गोखले संस्थेने 1947 मध्ये इथल्या विणकर जमातींच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची रा. गो. काकडे यांनी केलेली पाहणी प्रसिद्ध केली. आणि कायद्याच्या पुस्तकांत तर सोलापूर कायमचं जाऊन बसलंय. 1949 मध्ये संचालकांनी जुनी गिरणी बंद केली, हजारो लोक बसून राहिले. 1950 च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात विचारलं की एकाच कंपनीसाठी कायदा केला तर समानतेचं काय? 4 डिसेंबर 1950 रोजी पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी कायदा उचलून धरला, दोघांनी विरोध नोंदवला. 1953 मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की हा मोबदला न देता मालमत्ता हिरावण्याचा प्रकार आहे. त्यानंतर दोन वर्षांत चौथी घटनादुरुस्ती झाली आणि मालमत्तेच्या हक्काचं कलमच बदललं. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आज ‘शोलापूर मिल केस’ पाठ करतात. त्यातल्या कितींना ठाऊक असेल की त्या निकालाची एक प्रत सोडली तर त्या गिरणीचं आता फारसं काही उरलेलं नाही?

गिरण्या एकेक करून गेल्या. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात थांबली, नरसिंग गिरजीही पुढे गेली. भोंगे बंद झाल्यावर कित्येक घरांतली म्हातारी माणसं काही महिने पहाटे उगीच जागी होत. यंत्रमाग उरले, पण सुताचा भाव, विजेचं बिल आणि बाहेरून येणारा स्वस्त माल यांच्या कचाट्यात तेही दबले. घरं तरली ती बायकांच्या बोटांवर. पूर्व भागातल्या हजारो घरांत सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन बसलेली बाई दिसते. मजुरी हजारावर मोजली जाते. कंपनीतून पान आणायचं, घरी कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, परत नेऊन द्यायचं, त्यातल्या काही बिड्या नापास होऊन येतात त्यांचं दुःख गिळायचं. 2006 मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने या बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. सोलापूरच्या शिक्षणाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहायचा तर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांबरोबर एक पाटी या बोटांचीही लावावी लागेल. वर्गातल्या निम्म्या मुलांची फी त्यांनी भरली आहे.

मी शिकवत होतो तेव्हा प्रवेशअर्ज तपासायचं काम दरवर्षी माझ्याकडे येई. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मुलं ‘खाजगी नोकरी’ असं लिहीत. चौकशी केली की कळे, बाप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर आहे. आईच्या रकान्यात सरसकट ‘गृहिणी’, आणि त्या गृहिणीने रात्री अकरापर्यंत बिड्या वळलेल्या. एका हुशार मुलीला मी म्हटलं, “अगं, मागावर आहेत असं लिही की. वाईट काय त्यात?” ती नम्रपणे म्हणाली, “सर, लिहिते. पण अप्पांनीच सांगितलंय लिहू नको म्हणून.”

त्या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. नारळी पौर्णिमेच्या रथापुढे ताठ मानेने चालणारा तोच बाप. ज्या कामाने देवांना वस्त्र दिलं असं तो मुलीला लहानपणापासून सांगत आला, ते काम कॉलेजच्या अर्जावर नको म्हणत होता. यात ढोंग नव्हतं. देवळात त्याच्या कामाला मान होता, अर्जावर असेल याची त्याला खात्री नव्हती. आणि ती खात्री देण्याचं काम आमचं होतं, कॉलेजचं.

इथे या गावाचा क्रम अडतो. मागाने देव पोसला, देवाने शाळा उभी केली, आणि शाळेने मुलाला सांगितलं की मागापासून जितका लांब जाशील तितका तू शिकलास. मुलं गेली. पुण्याला हिंजवडीत गेली, हैदराबादला गेली, म्हणजे पणजोबा जिथून चालत आले होते जवळजवळ तिथेच. त्यांना दोष देता येत नाही. बापाने खोकत काढलेली वर्षं त्यांनी पाहिली आहेत. या अर्थाने सोलापूरची शाळा पूर्ण यशस्वी झाली. यंत्रमागावर आपल्या मुलाला उभं करायचं नाही, एवढ्याचसाठी दोन पिढ्या यंत्रमागावर उभ्या राहिल्या. मुलं यात्रेला येतात, अक्षता टाकतात, गड्ड्यावर फिरतात, कोजागरीच्या रात्री जुन्या मित्रांबरोबर तुळजापूरची वाट चालतात, आणि परत जातात. देवाशी नातं राहिलं, गावाशी राहिलं, मागाशी तुटलं.

1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, एका जिल्ह्यापुरतं. त्याला पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं. ज्या बाईने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, विणकरांना महेश्वरला वसवलं, तिचं नाव या विद्यापीठाला शोभतं. पण नाव शोभणं वेगळं आणि पेलणं वेगळं. जून 2023 मध्ये सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी पाडली, विमानाच्या वाटेत येते म्हणून. गावात दोन तट होते. एक म्हणत होता, कारखाना शेतकऱ्यांचा आहे. दुसरा म्हणत होता, विमान आल्याशिवाय उद्योग येणार नाहीत. दोन्ही बाजू उद्योगासाठीच भांडत होत्या, आणि मधे उभ्या असलेल्या चिमणीला देवाचं नाव होतं. त्या भांडणात मला कुणी हे विचारताना ऐकू आलं नाही की विमानाने येणाऱ्या उद्योजकाला दाखवायला आपल्याकडे काय आहे. जॅकार्डचं नवं डिझाइन इथे कोण करतं? सुताच्या धुळीने फुप्फुसं खराब होतात त्यावर इथल्या कुठल्या प्रयोगशाळेत काम चाललंय? कंपनीच्या दारात रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या हजार बिड्यांचा हिशेब कुठल्या अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर मांडला जातो? काही जण हे करतात, मी त्यांना ओळखतो. ते एकेकटे आहेत.

अल्लमप्रभूंचा प्रश्न म्हणून मला अजून जुना वाटत नाही. नुसतं खोदून कळत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण दगड उचलणाऱ्या मजुरांचंही खरं होतं. खोदणाऱ्याला हिणवून आलेलं ज्ञान गावाच्या उपयोगाचं नसतं. सिद्धराम मोठे, कारण त्यांनी दोन्ही ऐकलं, आणि कल्याणला जाण्याआधी खोदलेला तलाव बुजवला नाही. सोलापूरच्या शिकलेल्या पिढीने यातलं अर्धंच घेतलं. आम्ही अल्लमांचं ऐकून निघालो आणि तलाव मागे सोडला.

सोलापूरने देवाच्या नावाने वर्गणी काढून शाळा बांधल्या. आता शाळेत शिकलेल्यांकडून मागाच्या नावाने वर्गणी मागायची पाळी आहे. ती पैशाची असेल तर अडचण यायची नाही. या गावात दानशूर पुष्कळ, आणि पुण्या-हैदराबादची पोरंही यात्रेला पाकीट उघडून येतात. डोक्याची मागितली, तर किती जण पावती फाडून घेतात ते एकदा पाहायचंय.